दहा हातांचं अंतर

गाडीचा आरसा बाबागाडीच्या छताला लागला तेव्हा आवाज असा झालाच नाही. कापडावरून बोट सरकावं, तेवढंच. पण बाबागाडी मेघाच्या हातातल्या हातात पाव वळण फिरली आणि पुढची दोन चाकं रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. पांढरी मोठी गाडी थांबली नाही. तिच्या मागच्या काचेवर एक लहानसा झेंडा हलत होता, तो बराच वेळ दिसत राहिला. मेघाने वाकून जाळीचा पडदा बाजूला केला. सांची झोपलेली होती. नऊ महिन्यांची, तोंड किंचित उघडं, ओठावर दुधाचा पांढरा ठिपका. मेघाने तिच्या नाकाखाली बोट धरलं. ऊब लागली. मग का कोण जाणे, तिने तेच बोट आपल्याही नाकाखाली धरून पाहिलं. आणि तेव्हा मागे सायकलच्या फ्रीव्हीलची कटकट ऐकू आली, हळू होत होत थांबलेली. तिने वळून पाहिलं. दहा हातांवर एक म्हातारा एक पाय जमिनीला टेकून उभा होता. काळी जुनी सायकल, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, खाकी शर्ट. तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्याची पाठ तिच्याकडे होती आणि एक हात रस्त्याच्या बाजूला आडवा पसरलेला, मागून येणाऱ्यांना लांबून जा म्हणून सांगणारा. गाड्या त्या हाताला वळसा घालून जात होत्या. मेघाला वाटलं काहीतरी बोलावं. पण तिने बाबागाडी सरळ केली आणि ती चालू लागली. थोड्या वेळाने मागे पुन्हा कटकट सुरू झाली.

पिपरीच्या ले-आउट वसाहतीतल्या तिच्या घरापासून नागपूर रोडच्या पलीकडचं पाळणाघर, आणि तिथून पुढे ती जिथे काम करत होती ती पॅथॉलॉजी, हे सगळं मिळून दीड किलोमीटरही नव्हतं. बाळंतपणाआधी ती हे अंतर सायकलने सात मिनिटांत कापायची. आता कमरेतला मणका सरकलेला होता; लेकरू उचलून चालायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून पुण्याच्या बहिणीने बाबागाडी पाठवली होती, निळी, तीन खटक्यांत मिटणारी. वर्ध्यात बाबागाडी म्हणजे तमाशाच. शेजारची रुख्माबाई पहिल्या दिवशी फाटकाशी येऊन म्हणाली होती, "काऊन वं, लेकराले कडेवर घ्याले लाज वाटते का?" मेघा नुसती हसली. पण बाबागाडी ढकलायला लागल्यावर तिला कळलं की हे गाव आपण कधी पाहिलंच नव्हतं. सिमेंटचा नवा रस्ता चारपदरी झाला होता, मध्ये कमरेइतका डिव्हायडर, त्यात करड्या पडलेल्या कन्हेरी. फूटपाथ होता, पण त्याच्यावर गाड्या उभ्या; एकीला टेकून दुसरी, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. फूटपाथवरून उतरायचं तर वीतभर उंचीची कड. मग बाबागाडी मागच्या चाकांवर उचलून खाली घ्यायची, कमरेतून कळ येऊ द्यायची, आणि गाड्यांच्या बाजूने चालायचं. कोणी हॉर्न द्यायचं, कोणी द्यायचंही नाही. डिव्हायडरला पलीकडे जायला एकच फट होती, दोन हातांची, कोणीतरी कधीतरी फोडून काढलेली. तिच्यातून बाबागाडी बरोबर जायची, दोन्ही बाजूला चार-चार बोटं सोडून.

दुसऱ्या दिवशीही म्हातारा मागे होता. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मेघाने परीक्षा पाहायची ठरवली. ती औषधाच्या दुकानासमोर थांबली, काही घ्यायचं नसताना. कटकट थांबली. ती निघाली, कटकट निघाली. ती भराभर चालली, बाबागाडीचं उजवं चाक थरथरायला लागलं, आणि मागचा आवाज तेवढाच भरभर झाला. अंतर वाढलं नाही, कमी झालं नाही. मध्ये काहीतरी बांधलेलं असावं असं तिला वाटलं. पॅथॉलॉजीत मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजताना तिला तो आवाज कानात ऐकू यायचा आणि मोजणी चुकायची. ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. जांभळे, गुलाबी, वाटोळे ठिपके. आणि त्यांच्या मागे कुठेतरी, काचेच्याही पलीकडे, एक पाय टेकून उभा असलेला माणूस. तो कधी जवळ आला नाही. कधी बोलला नाही. सांचीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. बाबागाडी घेऊन निघालं की रस्त्यातली माणसं वाकून आत पाहतातच. याने कधी मानही वळवली नव्हती. त्याला फक्त निळं छत दिसत होतं.

तिने रस्ता बदलून पाहिला. रेल्वे पुलाखालच्या बाजूने लांबचा वळसा घेतला. पुलाखाली ओल होती, कबुतरांचा वास होता, आणि बाहेर उन्हात आल्यावर दहा हातांवर तो होता. मग एकदा सांचीला लसीसाठी न्यायचं होतं तेव्हा ती बसने गेली. कंडक्टर म्हणाला, "हा रथ कुठी ठेवता आता, मॅडम?" तिने बाबागाडी मिटवून पायाशी घेतली, सांचीला मांडीवर घेतलं, आणि मागच्या काचेतून सहज पाहिलं. तो बसच्या मागे सायकल मारत येत होता. घाई नाही, धाप नाही. बस पुढे जात होती आणि तो लहान होत चालला होता, तरी येत होता. वळणावर दिसेनासा झाला. दवाखान्यातून दीड तासाने ती बाहेर आली तेव्हा फाटकासमोर सायकल उभी होती, आणि तो तिच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून.

ती प्रफुल्लला काही बोलली नव्हती. तो बुटीबोरीला कारखान्यात होता, सकाळी सहाच्या आधीच निघायचा. बोलली नाही याचं कारण तिलाही नीट सांगता आलं नसतं. भीती वाटत होती हे खरं. पण एके दिवशी म्हातारा आला नाही, आणि त्या दिवशी डिव्हायडरच्या फटीपर्यंत पोचता पोचता तिचे तळहात घामाने निसटायला लागले. गाड्या अंगाला घासून जात होत्या. मागची बाजू उघडी पडल्यासारखी झाली होती, पाठीवरचं पांघरूण कोणी ओढून घ्यावं तशी. तेव्हा तिला कळलं की या तीन आठवड्यांत एकाही गाडीने आपल्याला हॉर्न दिलेला नाही. सिंदीला असताना तिचे बाबा, प्रेमदास, रेल्वेच्या फाटकावर होते. शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसायची. कापसाच्या गाड्या, ट्रक, जीपमधले साहेब, सगळे बाबांनी फाटक पाडलं की थांबायचे. बाबा किडकिडीत होते, आवाज बारीक होता, आणि तरी सगळं थांबायचं. त्या थांबण्यात एक शांतता असायची, बैलांच्या गळ्यातल्या घंटांची आणि इंजिन बंद झाल्याची. मग गाडी धडधडत जायची. लहानपणी तिला वाटायचं की जग असंच असतं, कोणीतरी हात केला की थांबणारं. इथे तिने किती वेळा हात केला होता. हातातून गाड्या जात होत्या, हाताला वाऱ्याचा फटका बसत होता.

त्याच आठवड्यात पॅथॉलॉजीतल्या काजलने तिला एकदा आपल्या कारमधून घरी सोडलं. आत गार होतं, गाणं हळू लागलेलं. मेघा काचेतून पाहत होती. तोच रस्ता, तीच फट. आणि रस्ता तिला रिकामा दिसला. डोक्यावर टोपलं घेतलेली एक बाई होती, पण ती बाई म्हणून दिसली नाही. चुकवायची एक वस्तू म्हणून दिसली, आणि काजलने बोलता बोलता ती चुकवली. मेघाने गर्रकन मागे वळून म्हाताऱ्याला शोधलं. तो दिसला नाही. असेलही. या काचेतून तो दिसत नसेल. मांडीवरच्या सांचीला तिने इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

त्या रात्री तिने प्रफुल्लला सांगितलं. तो ताटावरून उठलाच. "महिना झाला अन् तू आता सांगून राह्यली?"

"तो काही करत नाही."

"काई करत नाई म्हणजे? मांगं मांगं फिरते ना? मी उद्या सुट्टी टाकतो." मग थोड्या वेळाने, हात धुवून आल्यावर, मऊ आवाजात म्हणाला, "आपण गाडी घेऊन टाकू, मेघा. असं पायी पायी नाई जमत आता इथं."

तिने त्याचं अर्धवट ताट उचललं.

सकाळी तो तिच्याबरोबर निघाला नाही. औषधाच्या दुकानाआड उभा राहिला. कटकट जवळ आली तसा तो पुढे झाला आणि त्याने सायकलचं हँडल धरलं. "काऊन हो बाबाजी? काऊन फिरता हिच्या मांगं?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत काही नव्हतं, ना भीती, ना राग. "तुमी समोर व्हा," तो म्हणाला. "मी हावो ना मांगं."

"कोनं सांगतलं तुमाले मांगं राह्याले?"

"मांगं कोनी पाह्यजे ना बाप्पा." त्याने प्रफुल्लचा हात हँडलवरून हळूच काढला, एखाद्या लहान पोराचा काढावा तसा, आणि पुन्हा त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला, हात रस्त्यावर आडवा करून. प्रफुल्ल तिथेच थबकला. घरी आल्यावर तो म्हणाला, "त्याचा हात लय थंडा होता गं. एवढ्या उन्हात." आणि पुन्हा त्याने हा विषय काढला नाही.

रस्त्याच्या पलीकडे, फटीच्या बरोबर समोर, कवडूची चहाची टपरी होती. त्या संध्याकाळी मेघा तिथे थांबली आणि तिने सरळ विचारलं. कवडू चहा ओतत होता. ओतायचा थांबला.

"चंद्रभान बुढा व्हय तो. अल्लीपूरचे हायेत. पोराकडं राह्याले आलते. पोरगा जाम गावाले धाब्यावर हाय, सून इथं कापडाच्या दुकानात." त्याने गाळणी खाली ठेवली. "नातू होता, आदेश. अडीच वर्साचा. बुढा त्याले अंगणवाडीत ने. चार वर्सं झाले आता. थ्या फटीतून सायकल समोर काढली, पोट्टं मांगं. म्हणे सायकल पार करतो अन् मंग त्याले हात देतो. हात मांगं केला बुढ्यानं..." कवडूने आपला हात मागे करून दाखवला, बोटं पसरून, आणि तो तसाच ठेवला. "गाडी कोनाची होती तेही समजलं नाई. थांबलीच नाई."

मेघाने बाबागाडीचा ब्रेक दाबला. तो आधीच दाबलेला होता.

"तवापासून बुढा कोनाच्या समोर चालत नाई. लेकरू घेऊन बाई दिसली का तिच्या मांगं. तुमच्या आंधी एक झाडूवाली होती. तिचं पोट्टं कडेवर राहे तोपर्यंत गेला तिच्या मांगं. चालाले लागलं, तसं सोडून देलं." कवडूने चहा तिच्या हातात दिला. "कोनाले तकलीफ नाई देत. राहू द्या."

राहू द्यावं, असंच तिने ठरवलं होतं. पण घरी सांचीला भरवताना तिचा चमचा हातातच राहिला. म्हातारा सांचीकडे पाहत नाही, कारण त्याला पाहायची गरज नाही. आत कोण आहे ते त्याला ठाऊक आहे. महिनाभर आपण जे ढकलत आहोत त्यात त्याच्या हिशेबी सांची नाहीच. सांची एका मेलेल्या पोराच्या जागेवर बसून रोज रस्ता ओलांडते आहे. सांचीने हसून तोंड उघडलं, वरचे दोन दात दिसले. मेघाने तिला उचललं, कमरेतून कळ गेली तरी उचललं, आणि घरभर फिरवलं, आरशासमोर नेलं, "ही कोण? सांची. ही कोण? सांची," असं कितीतरी वेळ म्हणत राहिली. शेवटी तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटायला लागला. तिला वाटलं, हे थांबवायचं असेल तर एकच उपाय आहे. त्या माणसाला पुढे आणायचं. त्याला सांचीचं तोंड दाखवायचं. त्यात दया किती होती आणि किळस किती, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

सोमवार होता. नऊ वाजताच ऊन कडक झालेलं. फटीसमोरच्या कडेपाशी आल्यावर ती थांबली आणि बाबागाडीसह मागे वळून त्याच्याकडे चालत गेली. ते दहा हात तिने पहिल्यांदाच ओलांडले. जवळून तो खूपच म्हातारा होता. हनुवटीवर दाढीचे पांढरे खुंट, कानात अत्तराचा जुना बोळा.

"काका," ती म्हणाली, "आज तुम्ही गाडी धरा. माझी कंबर दुखते. सायकल मी घेते."

त्याने मान हलवली. "मी समोर नाई येत, बाई."

"समोर नका येऊ. माझ्या बाजूनं या. मी आहे ना."

तो बराच वेळ निळ्या छताकडे पाहत राहिला. मग त्याने सायकल तिच्या हाती दिली आणि बाबागाडीचा दांडा धरला. दोन्ही हातांनी, बोटं पांढरी होईपर्यंत. ते निघाले. पहिले दोन पदर ओलांडून फटीत शिरले. तिथे तो थांबला. डिव्हायडरच्या त्या दोन हातांच्या फटीत बाबागाडी, तो, आणि मागे सायकल घेऊन ती. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या, कन्हेरीची पानं सारखी एकाच दिशेला वाकत होती. तो डोळे मिटून उभा होता. ओठ हलत होते. मेघाला ऐकू आलं नाही, पण तो मोजत असावा असं वाटलं. मग एकदम, काहीच न पाहता, तो पुढे गेला. एक टँकर कर्कश ब्रेक लावून वेडावाकडा थांबला. मागे दुसऱ्या गाड्या थांबल्या. मेघा सायकल टाकून धावली. पलीकडच्या कडेला त्याने बाबागाडी स्वतःच्या हाताने वर चढवली, अलगद, जराही धक्का न लागू देता, आणि कवडूच्या टपरीच्या सावलीत नेऊन उभी केली. "आला बाप्पा," तो म्हणाला. त्याचा चेहरा घामाने भिजून चमकत होता. "आला पार." आणि त्याने जाळी वर केली.

सांची जागी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं.

तो तसाच वाकून राहिला. टँकर निघून गेला, गाड्या निघून गेल्या. मग तो हळूच म्हणाला, "ही कोन हाय?"

"माझी मुलगी," मेघा म्हणाली. "सांची. पाहा ना, काका. सांची आहे ही."

"हो." त्याने मान डोलावली. समजल्यासारखी. "अन् मंग तो कुठी हाय?"

 त्याने बाबागाडीच्या मागे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं, मग रस्त्याकडे. सायकल पलीकडच्या पदरात आडवी पडलेली होती आणि गाड्या तिला चुकवत होत्या. "मांगंच राह्यला," तो म्हणाला. आवाजात आता घाई होती, पहिल्यांदाच. "थांब रे बाप्पा, आलो," असं म्हणून तो कडेवरून खाली उतरला.

मेघाने त्याच्या शर्टाला मागून धरलं. दुसरा हात बाबागाडीच्या दांड्यावर होता. ब्रेक लावला की नाही ते आठवेना, आणि जमीन रस्त्याकडे उतरती होती. तो ओढत होता. त्या किडकिडीत अंगात इतकी ताकद कुठून आली होती कोण जाणे. "सोडा ना बाई, तो एकटा हाय तिकडं." तिच्या कमरेतून वीज गेल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण दोन्ही मुठी तिने सोडल्या नाहीत. "कवडूदादा!" ती ओरडली. कवडू एका हाताने फोन कानाला लावून धावत आला आणि त्याने म्हाताऱ्याला कमरेला विळखा घातला. तरीही तिने शर्ट सोडला नाही. किती वेळ ते तिघे असे उभे होते, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. समोरून गाड्या जात होत्या आणि त्यांतल्या एकाही काचेआडचा चेहरा त्यांच्याकडे वळला नाही.

मग पलीकडून एक बाई आली. पोपटी साडी, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र. ती फटीतून आली आणि न थांबता, डावीकडे-उजवीकडे न पाहता रस्ता चालत राहिली, घरातल्या घरात एका खोलीतून दुसरीत जावं तशी. गाड्या तिच्यासाठी करकचून थांबल्या. तिने ते पाहिलंही नाही. जवळ येऊन तिने म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"बाबा, घरी चला."

"वर्षाली, तो मांगं राह्यला वं."

"नाई राह्यला. घरी हाय तो. मी आताच पाहून आली."

म्हातारा ओढायचा थांबला. "घरी हाय?"

"हो. चला."

त्याच्या अंगातलं सगळं बळ एकदम गेलं. तो टपरीच्या बाकड्यावर बसला, कवडूने पाणी दिलं, ते पिऊन त्याने तोंड पुसलं. मेघाची बोटं शर्टावरून सुटत नव्हती. तिला ती एकेक करून उघडावी लागली. "माझी चूक झाली, ताई," ती वर्षालीला म्हणाली. "मला वाटलं, त्यांना दाखवलं तर..."

वर्षालीने तिच्याकडे पाहिलं. ती मेघाच्याच वयाची होती. "साऱ्याइलेच वाटते," ती म्हणाली. "मलेही वाटलं होतं. दोनदा सांगून पाह्यलं मी त्याइले, तो गेला म्हणून. फोटोही दाखवला, हार घातलेला." तिने वाकून बाबागाडीत पाहिलं, सांचीच्या पायाला बोट लावलं, आणि बोट तसंच काही वेळ तिथे राहू दिलं. "रोज संध्याकाळी इचारतेत, कुठी हाय म्हणून. आंधी मी सांगे, झोपला. दोन वर्सं झोपलाच सांगतलं." तिने बोट काढून घेतलं आणि म्हाताऱ्याला उठवण्यासाठी हात पुढे केला. "आता शाळेत गेला सांगते. पह्यलीत हाय ना तो यंदा."